दारापर्यंत येणारी गाडी

जुनी गाडी घेताना चार लोकांना विचारावं, असं ल्युबेनला वाटलं आणि तिथेच त्याचं वाटोळं झालं. तो राहत होता त्या आठ मजली इमारतीत चार लोक नव्हते, जिन्याजिन्याला बिऱ्हाडं होती, आणि त्यातल्या एकालाही ‘मला गाडीतलं काही कळत नाही’ हे वाक्य उच्चारता येत नव्हतं. आमच्या बल्गेरियात माणूस एक वेळ बायकोवर प्रेम नसल्याचं चारचौघांत कबूल करेल, पण गाडीतलं कळत नाही हे तो चर्चमध्ये पाद्र्याच्या कानातसुद्धा सांगणार नाही.

ल्युबेन आमच्या नगरपालिकेच्या पाणी खात्यात कारकून. पन्नाशी ओलांडलेली, पोट जरासं पुढे, मिशी नीट कातरलेली. लोकांचे अर्ज एका शिक्क्यासाठी परत पाठवण्यात उभी नोकरी गेली, त्यामुळे स्वभावात एक प्रकारचा रुबाब आलेला. त्याच्याकडे एक बुटकी, म्हातारी गाडी होती. शहरात ती कुरकुरत का होईना, चालायची. पण ल्युबेनचे वडील डेल्चो वर डोंगरात एकटे राहायचे, आणि खालच्या झऱ्यापासून त्यांच्या घरापर्यंत जे काही होतं त्याला रस्ता म्हणणं हा रस्त्यांचा अपमान होता. ओढ्याने कंटाळून सोडून दिलेली जागा ती. नगरपालिकेने तिथे रस्ता करायचा ठरवलं होतं. फीत कापली, भाषणं झाली, मेंढी भाजून खाल्ली आणि मंडळी हात पुसत खाली निघून गेली. त्या फितीचा एक तुकडा अजून बोरीच्या झुडपाला लटकतो आहे. रस्त्याची खूण एवढीच.

ही थट्टा नाही. ल्युबेनची आई गेली तेव्हा रुग्णवाहिका झऱ्यापाशी येऊन थांबली. ड्रायव्हर म्हणाला, “माझी गाडी सरकारी आहे, हिचं काही झालं तर मला भरावं लागेल.” मग डेल्चोने आणि शेजारच्या आस्पारुखने म्हातारीला घोंगडीत घातलं आणि फाटकाशेजारच्या तुतीखालून, चिखलातून, वाट तुडवत झऱ्यापर्यंत आणलं. तोवर डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती तुतीही तिनेच लावलेली, नवी नवरी होऊन आली त्या वर्षी. दर उन्हाळ्यात ती झाडाखाली चादर अंथरायची, फळं झोडून घ्यायची आणि मुरंब्याच्या बरण्या भरायची. शहरातल्या लेकाला बरण्या गेल्या की तिचं वर्ष संपायचं.

मातीच्या दिवशी ल्युबेन सगळ्यांसमोर म्हणाला, “बाबा, मी दारापर्यंत येणारी गाडी घेईन. जीप घेईन. तुम्हाला काही झालं तर कुणाच्या पाया पडायला नको.”

 त्या दिवसापासून डेल्चोने मनात वाट बघायला सुरुवात केली, आणि म्हातारा माणूस वाट बघायला लागला की ती वाया घालवायची चीज नसते, हे ल्युबेनला कोणीतरी सांगायला हवं होतं. इमारतीने त्याला बाकी सगळं सांगितलं.

आमच्याकडे जी गाडी चारचाकी आहे, जमिनीपासून जरा उंच आहे आणि फुटपाथवर चढवून लावता येते, तिला जीप म्हणतात. कंपनी कोणती, बनावट कोणती, काही विचारू नका. उंच दिसली की जीप. ल्युबेनला अशी एक लहानशी, सांभाळून वापरलेली, परवडणारी जीप हवी होती. गोष्ट एवढीच. दोन आठवड्यांत उरकली असती.

पण पहिल्या मजल्यावर कुनचेव राहत होता. निवृत्त सुभेदार, रणगाड्यांच्या तुकडीतला, आणि इमारतीचा व्यवस्थापक. जिन्यातला दिवा गेला की तो आठवडाभर बदलायचा नाही, पण दुसऱ्याच्या खरेदीत त्याचा हात पहिला.

“एकट्याने जायचं नाही,” तो ल्युबेनला जिन्यातच अडवून म्हणाला. “हे विकणारे म्हणजे लबाड कोल्हे. पाहिजे तर माझं लोहचुंबक घे. नको, मीच येतो.”

“कशाला त्रास, कुनचेवसाहेब—”

“त्रास कसला! रणगाडा तपासलाय मी. तुझी जीप म्हणजे खेळणं.”

लोहचुंबक सुती फडक्यात बांधलेलं होतं. ते पत्र्यावर फिरवायचं. चिकटलं तर पत्रा खरा, घसरलं तर आत पुट्टी भरलेली, म्हणजे गाडी ठोकलेली. शास्त्र पक्कं होतं, फक्त कुनचेवने शेवटची गाडी तपासली तेव्हा गाड्यांना लोखंडी बंपर असायचे. आता ते प्लास्टिकचे असतात. पहिल्याच विक्रेत्याकडे त्याने चुंबक बंपरला लावलं, ते टपकन खाली पडलं, आणि कुनचेव सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडला, “ठोकलेली! पुढून ठोकलेली!” मग मागून लावलं. “मागूनही ठोकलेली! अरे, दोन ट्रकांच्या मधे सापडली होती की काय ही?”

विक्रेता गळ्यात सोन्याची साखळी घातलेला तरुण. तो शांतपणे म्हणाला, “काका, गाडी स्वित्झर्लंडच्या एका दंतवैद्याची आहे. म्हातारा रविवारी फक्त चर्चला न्यायचा.”

दुसऱ्या मैदानावर जी गाडी होती तीही स्वित्झर्लंडच्या एका म्हाताऱ्या दंतवैद्याचीच निघाली. तिसऱ्या मैदानावरचीही. ल्युबेनच्या हिशेबाने त्या देशात दातांपेक्षा दंतवैद्य जास्त असले पाहिजेत, आणि ते सगळे इतके धार्मिक, की रविवार सोडला तर आठवडाभर घरातून हलत नसावेत.

असे रविवार जाऊ लागले. पूर्वी ल्युबेन रविवारी वर गावाला जायचा. बुटकी गाडी झऱ्यापाशी लावायची, पायी वर चढायचं, म्हाताऱ्याबरोबर जेवायचं, परत. आता रविवार मैदानांवर जात होते. “गाडी आली की येतोच, बाबा,” तो फोनवर सांगायचा. “दारापर्यंत येतो.”

“बरं,” म्हातारा म्हणायचा. “उंच आहे ना?”

“उंच बघतोय.”

कुनचेवबरोबर तिसऱ्या मजल्यावरची त्सोन्का मावशीही यायला लागली. ती गाडीच्या आत बसून डोळे मिटायची आणि नाकाने श्वास घ्यायची. आधीचा मालक सुखी होता की नाही हे तिला वासावरून कळत होतं, असं तिचं म्हणणं. एका चांगल्या गाडीला तिने नाक मुरडलं. “हिच्यात कुणीतरी घटस्फोट घेतलाय,” ती म्हणाली. ल्युबेनची बायको रोसित्सा मागच्या सीटवर बसली होती, ती म्हणाली, “मावशी, आता हिच्यात माझाही होईल.”

रोसित्सा औषधांच्या दुकानात काम करायची आणि तिला वेळेची किंमत होती. “ल्युबेन, तू गाडी शोधतोयस की सून?” ती एकदा म्हणाली. “नाक बघतोस, डोळे बघतोस, घराणं विचारतोस. त्या बिचारीला चालून तरी दाखव म्हण!”

चालवून बघणं राहूनच जायचं, ही गोष्ट खरी. मैदानाभोवती एक चक्कर मारायचे, ब्रेक दाबायचे, बस्स. कुनचेव ब्रेकच्या पायपट्टीवरचं रबर किती झिजलंय ते बघायचा, सीटच्या खाली हात घालायचा, राखदाणी हुंगायचा. प्रत्येकाची एक तपासणी होती आणि ती झाल्याशिवाय कोणी कोणाला पुढे जाऊ देत नव्हतं. गाडी चढाला चढते का, हे कुणाच्याच तपासणीत नव्हतं. मैदान सपाट होतं.

एका रविवारी ल्युबेन राखाडी रंगाच्या गाडीखाली पाठीवर सरपटत शिरला होता. कुनचेवने त्याला गंज शोधायला पाठवलं होतं, स्वतःची पाठ धरली म्हणून. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

“ल्युबेन, ती गाडी रुंदीला किती असते रे?”

“असेल की, बाबा. चांगली रुंद आहे. मी नंतर बोलू?”

“फाटक पुरायचं नाही मग. मोजलं मी.”

“गंज दिसतोय का?” वरून कुनचेव ओरडला.

“नाही दिसत! — बाबा, काय म्हणालात?”

“म्हटलं, फाटकाशेजारचं ते काढावं लागेल.”

“मग काढा.”

“काढू म्हणतोस?”

“काढा हो, काढा! मी गाडीखाली आहे, बाबा, डोळ्यात माती जातेय!”

 “बरं” म्हणून म्हाताऱ्याने फोन ठेवला. ल्युबेनला वाटलं दगडी खांबाचं चाललंय. खरं म्हणजे त्याला काहीच वाटलं नाही, कारण त्याच क्षणी कुनचेव खाली वाकून म्हणाला, “ही घ्यायची.”

का घ्यायची, ते कुणी सांगू शकलं नसतं. राखाडी रंग, मोठाले दिवे, वर सामान बांधायच्या दोन दांड्या, आणि दरवाजाखालून काळी जाड कड, चिखलात जाणाऱ्या गाडीसारखी. त्सोन्का मावशीने वास घेतला आणि म्हणाली, “समाधानी माणूस होता. थोडा जाड.” आणि मालक दंतवैद्य नव्हता, ऑस्ट्रियातला बेकरीवाला होता. एवढ्यावरच सगळ्यांचा विश्वास बसला.

नोंदणीसाठी ल्युबेन वाहन कचेरीत गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा काचेच्या चुकीच्या बाजूला उभा राहिला. काचेमागे श्रीमती वासिलेव्हा नावाच्या बाई होत्या. त्यांनी सांगितलं की गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर वाचता येत नाही, तो साफ करून आणा.

“बाई, मी स्वतः नगरपालिकेत आहे,” ल्युबेन मिशीवरून बोट फिरवत म्हणाला.

“अरे वा. मग तुम्हाला माहीतच आहे,” बाई म्हणाल्या. “पुढचा!”

त्याने घरच्या टूथब्रशने, म्हणजे रोसित्साच्या टूथब्रशने, तो नंबर घासला. परत गेला तर विम्याच्या कागदावरची सही निळ्या शाईत होती, काळ्या शाईत हवी होती. परत गेला तर बाई रजेवर. तिथल्या बाकावर बसून ल्युबेनला एकेक माणूस आठवायला लागला: पाण्याच्या मीटरसाठी खेटे घालणारा लंगडा चांभार, एका शिक्क्यासाठी परत पाठवलेली गरोदर बाई. त्याला जरा वाईट वाटलं. पण त्यातून त्याने धडा वगैरे काही घेतला नाही. कारकून असा सुधारत नसतो.

एकदाची पाटी लागली आणि इमारतीत जाहीर झालं की आता गाडी ‘भिजवायला’ हवी. आमच्याकडे नवी वस्तू आणली की ती दारूने भिजवावी लागते, नाहीतर ती बंद पडते, असं म्हणतात. प्रत्यक्षात वस्तू कोरडीच राहते, शेजारी भिजतात. जिन्याखाली टेबल मांडलं, रोसित्साने पातळ कापलेलं खारवलेलं मांस, टोमॅटो, चीज काढलं, आणि ज्यांनी सहा महिने नमस्कारही केला नव्हता तेही “वापरा बरं आनंदाने” म्हणत पेला पुढे करू लागले. कुनचेवने भाषण केलं, त्यात गाडीपेक्षा रणगाडा जास्त होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ल्युबेन वडिलांकडे निघाला. शनिवार होता, आदल्या दिवशी पाऊस होऊन गेला होता. कुनचेव शेजारच्या सीटवर बसला, बोलावलं नव्हतं तरी. दृष्ट लागू नये म्हणून आरशाला लाल धागा बांधलेला. त्सोन्का मावशी तांब्याचं भांडं घेऊन खाली आली आणि गाडीच्या पुढे रस्त्यावर तिने पाणी ओतलं, लांब प्रवासाला निघणाऱ्यासाठी ओततात तसं.

“पाण्यासारखं सुरळीत जाऊ दे रे सगळं,” ती म्हणाली.

पाणी इमारतीसमोरच्या उतारावरून खाली गटाराकडे गेलं. सगळे कौतुकाने बघत होते. पाणी उतारालाच जातं, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

झऱ्यापर्यंत गाडी अशी गेली की ल्युबेनने गाणं म्हटलं. झऱ्यापाशी त्याने थोडं थांबून बुटक्या गाडीच्या नेहमीच्या जागेकडे तुच्छतेने बघितलं. मग पहिला गिअर टाकला आणि चढाला लागला. आणि पहिल्याच वळणावर गाडी थांबली. पुढची चाकं जागच्या जागी गरगरायला लागली, चिखल उडवायला लागली, आणि गाडी हळूच, अगदी सभ्यपणे, मागे मागे घसरत झऱ्यापाशी येऊन थांबली.

“दमाने!” कुनचेव म्हणाला. “जोरात ने!” कुनचेव म्हणाला. “दोन्ही एकदम कर!”

दुसऱ्या खेपेला ती निम्म्यापर्यंत गेली. तिसऱ्या खेपेला पहिल्यापेक्षाही कमी. वरून आस्पारुख आपल्या शेळ्या घेऊन येत होता. डेल्चोचा शेजारी, त्याच वयाचा, तोंडाने फटकळ. तो काठीवर हनुवटी टेकून थोडा वेळ बघत राहिला.

“काय रे ल्युबेन,” तो म्हणाला, “मागची चाकं काय लग्नाला आलीत का?”

“म्हणजे?”

“म्हणजे पुढची राबतायत, मागची नुसती बसलीत. ही जीप कसली? ही म्हणजे तुझी जुनीच गाडी, टाचा उंच करून आलेली.”

कुनचेव खाली उतरला, मागे गेला, वाकला, आणि त्याने मागच्या चाकाला लोहचुंबक लावून बघितलं. का, ते देव जाणे. चुंबक चिकटलं.

ल्युबेन गाडीतच बसून राहिला. इतके महिने, इतके रविवार. रबर बघितलं, राखदाणी बघितली, आधीच्या मालकाचा संसार हुंगून बघितला. मागच्या चाकांना जोर जातो का, एवढा एक प्रश्न राहिला. मेकॅनिकला, विक्रेत्याला, कोणालाही विचारता आला असता. त्याने विचारला नाही कारण गाडी जीप होती, आणि गाडी जीप होती कारण ती उंच होती.

“पायी चल,” आस्पारुख म्हणाला. “तुझा बाप सकाळपासून फाटकात उभा आहे. पांढरा सदरा घालून.”

‘पांढरा सदरा’ हे ऐकून ल्युबेनला पायी जाववेना. पायी गेलो तर तो सदरा कशासाठी घातला होता? “काका,” तो म्हणाला, “तुमचा ट्रॅक्टर...?”

आस्पारुखने बरंच पुटपुटत ट्रॅक्टर आणला. साखळी बांधली. आणि अशा रीतीने ल्युबेनची जीप वर निघाली, नाक वर करून, कुत्र्यासारखी साखळीने ओढली जात. ल्युबेन स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला होता, जणू तोच चालवतोय. कुनचेव मागून चिखलातून पायी येत होता आणि ट्रॅक्टरला सूचना देत होता.

शेवटचं वळण गेलं आणि फाटक दिसलं. फाटकात डेल्चो उभा होता. पांढरा सदरा, इस्त्री केलेला. फाटक आता मोठं झालं होतं, एका बाजूचा खांब पार पलीकडे नेऊन नीट गाडलेला. पण ल्युबेनला आधी काय खटकलं, ते कळायला क्षणभर लागला. घराच्या त्या अंगाला फार आकाश दिसत होतं. जिथे नेहमी फांद्या असायच्या तिथे नुसतं आकाश.

“थांबा!” तो ओरडला.

पण ट्रॅक्टरच्या आवाजात आस्पारुखला काही ऐकू गेलं नाही. साखळी ताणली गेली, गाडी फाटकातून आत शिरली, आणि तिच्या पोटाखालून असा आवाज आला, जसा कोणी दाढ उपटल्यावर येतो. ट्रॅक्टरने आणखी एक हिसका दिला. गाडी अंगणात येऊन थांबली. मागे फाटकाच्या बरोबर मधे वीतभर उंचीचा एक ताजा, पिवळट खुंट होता, आणि त्याच्यावर काळं तेल सांडत होतं.

डेल्चोने शांतपणे जवळ येऊन बघितलं. “मला वाटलं, जीप म्हणजे आस्पारुखच्या ट्रॅक्टरएवढी तरी उंच असेल,” तो म्हणाला. “म्हणून तेवढा ठेवला. मुळासकट निघेना. आठवडा गेला माझा एवढ्यातच.”

“बाबा, तुती?”

“तूच म्हणालास काढा.”

“मला वाटलं... मला वाटलं खांब म्हणताय.”

“खांब मी कशाला विचारला असता? खांब काय तुझ्या आईने लावला होता?” म्हातारा रागावला नव्हता, ते जास्त वाईट होतं. “मी विचारलं, काढू म्हणतोस? म्हटलं, पोरगा म्हणेल थांबा, मग दुसरं काहीतरी बघू. तू म्हणालास काढा हो, काढा.” मग तो खाली वाकला, त्या फुटलेल्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाला, “आली म्हणायची दारापर्यंत. तुझ्या आईच्या झाडाने काही ओळखलं नाही तिला.”

मग त्याने घरातून बाटली आणली आणि रिवाजाप्रमाणे थोडी दारू पुढच्या चाकावर ओतली. मागच्या चाकांवर ओतली नाही. “त्यांनी काही केलं नाही,” तो म्हणाला.

  कुनचेवने लोहचुंबक परत फडक्यात बांधून खिशात टाकलं.

गाडी त्यानंतर अंगणातून हलली नाही. मेकॅनिक म्हणाला, गाडी खाली आणा. गाडी खाली आणायला ती चालू हवी. तर मग तुम्हीच वर या, असं ल्युबेन म्हणाला. मेकॅनिक म्हणाला, मी वर कसा येणार, रस्ता कुठे आहे? आस्पारुख म्हणाला, ओढून खाली नेतो, पण नांगरणी होऊ दे. नांगरणी झाली तर बर्फ पडलं. बुटकी गाडी ल्युबेनने आधीच विकून टाकली होती, तिच्यामुळे मान खाली जाते म्हणून. त्यामुळे तो आता शनिवारी झऱ्यापर्यंत बसने यायचा आणि तिथून बर्फातून पायी वर चढायचा. रविवार मोकळे झाले होते. कुनचेव जिन्यात भेटला की दिवा बदलत असल्यासारखं करायचा.

डेल्चोने मात्र गाडीशी जुळवून घेतलं. दुपारी ऊन काचांतून आत यायचं तेव्हा तो पुढच्या सीटवर जाऊन बसायचा. “घरापेक्षा इथे ऊब आहे,” तो म्हणायचा. बॅटरी संपेपर्यंत रेडिओही ऐकला. वरच्या दांड्यांना मिरच्यांच्या माळा टांगल्या. मागच्या डिकीत एका कोंबडीने अंडी घालायला सुरुवात केली. बेकरीवाल्याने सांभाळलेल्या त्या सीटवर म्हातारा चाकू घेऊन ब्रेड कापायचा, आणि ल्युबेन शेजारी बसून चिखलाने भिजलेले बूट काढायचा. दोघं पुढे बघत बसायचे, कुठेतरी निघाल्यासारखे. काचेतून फाटक दिसायचं, आणि फाटकात तो खुंट.

एका शनिवारी म्हाताऱ्याने एक बरणी आणली. आतला मुरंबा जवळजवळ काळा झाला होता. झाकणावर आईच्या हाताने घट्ट बांधलेलं फडकं.

“ही शेवटची,” तो म्हणाला. “तुझ्या वाटणीची होती. तू रविवारी येत नव्हतास तेव्हा पडून राहिली.”

ल्युबेनने फडक्याची गाठ सोडायचा प्रयत्न केला. त्याला ती सुटेना. कापावीशीही वाटेना. शेवटी त्याने बरणी तशीच मांडीवर ठेवली आणि ती घरी नेली नाही, तिथेच गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवून दिली, जिथे लोक कागदपत्रं ठेवतात.

बर्फ वितळलं. नांगरणी झाली. आस्पारुख ट्रॅक्टर घेऊन फाटकापर्यंत आला, आणि डेल्चोने त्याला हात वर करून थांबवलं. तेल सांडलेल्या त्या खुंटाच्या बगलेतून एक फुटवा आला होता, बोटाएवढा, वर दोन चकचकीत पानं. म्हाताऱ्याने त्याच्याभोवती चार काटक्या रोवून तार गुंडाळली होती. गाडीला बाहेर जायला दुसरी वाट नव्हती.

“मूर्ख आहात दोघेही,” आस्पारुख म्हणाला, आणि ट्रॅक्टर वळवून गेला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी वाहन कचेरीतून फोन आला. वार्षिक तपासणीची मुदत संपली, गाडी घेऊन या. ल्युबेन गेला, गाडीशिवाय. काचेमागे श्रीमती वासिलेव्हा होत्या.

“गाडी कुठे आहे?”

“गावाला. अंगणात.”

“मग आणा.”

“आणता येत नाही. फाटकात झाड आडवं आहे.”

बाईंनी लेखणी खाली ठेवली. “झाड? पडलंय?”

“नाही. उगवलंय.”

“केवढं झाड?”

ल्युबेनने काचेसमोर हात धरून दाखवलं. गुडघ्यापर्यंत. मग प्रामाणिकपणे आणखी थोडा खाली घेतला.

मागे रांगेत कोणीतरी हसलं. बाईसुद्धा हसल्या. त्या वाईट नव्हत्या, ल्युबेनसारख्याच कारकून होत्या. “अहो, एवढंसं तर आहे,” त्या म्हणाल्या. “काढून टाका की!”

“नाही,” ल्युबेन म्हणाला.

त्याचा आवाज जरा मोठाच लागला.  बाई त्याच्याकडे बघत राहिल्या, आणि तोही तिथेच उभा राहिला, कारण त्या एका शब्दापलीकडे त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. आणि तो शब्दही गाडीखाली पडल्या पडल्या, डोळ्यात माती जात असताना, फोनवर सुचायला हवा होता.